पायलट मुरलेला, मेक तगडा, तरी तोच आधी पडतो : दोष कुठे शोधायचा

मेक, म्हणजे पायलट आत बसून चालवतो ते भलंमोठं लढाऊ यंत्र, असलेल्या गेममध्ये तक्रार बहुतेक वेळा एकाच तऱ्हेची असते. गॅरेजमध्ये तासभर बसून मेक बांधला, हाताशी असलेली सगळ्यात जबरदस्त शस्त्रं त्यावर चढवली, सगळ्यात अनुभवी पायलट आत बसवला. मिशन सुरू झालं आणि चौथ्या टर्नपर्यंत तोच मेक एकतर तापून गप्प झाला, नाहीतर आडवा पडला. मग आपण पुन्हा गॅरेजमध्ये जातो, आर्मर (चिलखत) टनभर वाढवतो, एखादा लेझर काढून मिसाइल लावतो. पुढच्या मिशनला पुन्हा तेच.

‘बॅटलटेक’च्या २०१८च्या कॉम्प्युटर गेममध्ये मी दोन अख्ख्या मोहिमा असंच करत होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मेक वेगळा तपासला तर ठीक, पायलटची स्किल्स वेगळी वाचली तर उत्तम. बिघाड होता तो दोघांच्या जोडीत, आणि जोडी तपासायची म्हणजे काय करायचं हे मला कळत नव्हतं. ते कळल्यावर खेळ बराच बदलला. खालचे बहुतेक दाखले याच गेममधले आहेत, कारण मी तो सर्वांत जास्त खेळलोय. पण तपासण्याची रीत पायलट आणि यंत्र वेगवेगळे वाढवता येणाऱ्या कुठल्याही गेममध्ये चालते.

काहीही बदलण्याआधी अदलाबदल करून पाहा

मेकला हात न लावता दोन मिशन खेळा. पहिल्यात तोच मेक, पण पायलट दुसरा. दुसऱ्यात तोच पायलट, पण मेक दुसरा. मिशन शक्यतो सारख्या अवघडपणाची निवडा. त्रास मेकच्या मागे गेला तर हीट (शस्त्रं डागल्याने साचणारी उष्णता), आर्मर, दारूगोळा यांत शोधा. पायलटच्या मागे गेला तर त्याची स्किल्स बघा. आणि दोन्ही मिशनमध्ये त्रास नाहीसाच झाला, तर दोघंही निर्दोष आहेत आणि एकमेकांना नको आहेत. माझ्या अनुभवात हा तिसरा निकालच सर्वांत जास्त वेळा लागतो.

या दोन मिशनमध्ये जवळ कागद ठेवा आणि त्या एका मेकपुरती दर टर्नला तीन रकान्यांत नोंद करा. लावलेल्या शस्त्रांपैकी किती डागली. उरलेली का नाही डागली : अंतर, हीट, की समोर काही दिसतच नव्हतं. आणि पायलटचं खास कौशल्य त्या टर्नला उपयोगी पडलं का. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. आपल्याला आठवतात ते जोरदार फटके. गप्प गेलेले टर्न डोक्यातून निसटतात, आणि दोष नेमका त्या टर्नमध्ये असतो.

माझ्या पहिल्या नोंदीत तिसरा रकाना सलग अकरा टर्न कोरा होता. पायलटकडे ब्रीचिंग शॉट होता, म्हणजे गनरी (नेमबाजीचं स्किल) आठव्या पातळीपर्यंत चढवून मिळवलेलं कौशल्य. एकच शस्त्र डागलं तर समोरच्याचं कव्हर (आडोसा) आणि गार्ड (बचावाचा पवित्रा) दोन्ही निरुपयोगी ठरतात, असं ते काम करतं. आणि मी त्याला बसवलं होतं सहा मिडियम लेझर असलेल्या मेकमध्ये. मिडियम लेझरची इजा २५. कौशल्य वापरायचं तर सहापैकी पाच लेझर बंद ठेवायचे आणि २५ची एक टिचकी मारायची. कुठलाही शहाणा माणूस तसं करणार नाही, मीही करत नव्हतो. म्हणजे गनरी पाचच्या पुढे चढवलेल्या अनुभवाचा मोठा हिस्सा त्या खुर्चीत बसून वाया जात होता. हेच कौशल्य एसी/२० ही जड तोफ असलेल्या मेकला द्या. एका गोळ्याची इजा १००, तीही कव्हर न मानणारी.

कौशल्याला मेकवर जागा आहे का

म्हणून पहिला प्रश्न हा : या पायलटचं कौशल्य वापरायला मेकने काय करावं लागतं, आणि हा मेक ते सहज करतो का?

मल्टी-टार्गेटवाला पायलट एका टर्नमध्ये तीन शत्रूंवर शस्त्रं वाटू शकतो. त्याला बरीच, पल्लेदार आणि स्वतंत्रपणे उपयोगी पडणारी शस्त्रं हवीत. एकच मोठी तोफ दिली तर वाटणार काय? सेन्सर लॉकवाला पायलट डागण्याची पाळी सोडून शत्रूची मारा चुकवण्याची क्षमता कमी करतो. म्हणजे त्याच्या मेकवरची महागडी शस्त्रं त्या टर्नला नुसतं ओझं होतात. त्याला चपळ, हलका, स्वस्तात बांधलेला मेक पुरतो. एस पायलट म्हणजे आधी डागा, मग हला. इथे लोक हमखास चुकतात. हे कौशल्य मिळालं की जवळच्या पल्ल्याची शस्त्रं लावून घुसायचा मोह होतो. पण डागणं आधी आहे, म्हणजे टर्नच्या सुरुवातीलाच शत्रू पल्ल्यात हवा. जवळच्या पल्ल्याच्या मेकने डागून उडी मारली की पुढच्या टर्नला तो पल्ल्याबाहेर, पुन्हा जवळ येण्यात एक टर्न जातो. मध्यम-लांब पल्ला आणि जंप जेट (मेकला उडी मारू देणारी यंत्रं) यांच्यासोबत मात्र हे कौशल्य सोन्यासारखं आहे.

टॅक्टिक्स (डावपेचांचं स्किल) वाढवलेल्या पायलटचा नेम धरून मारलेला फटका हव्या त्या भागावर बसण्याची शक्यता वाढते. डोक्यावर जास्तीत जास्त ४५ आर्मर आणि खाली १६ स्ट्रक्चर (आतला सांगाडा), एकूण ६१. म्हणजे एका फटक्यात ६१ किंवा जास्त इजा करणारं शस्त्र असेल तर एक नेम पुरतो. ५० इजेच्या पीपीसी या ऊर्जातोफेला तोच नेम दोनदा लागायला हवा. असा पायलट पीपीसीवर बसवून ‘डोकं उडतच नाही’ म्हणून वैतागलेले खेळाडू मी पाहिलेत. त्यांचा नेम ठीक असतो, कमी पडतात ती ११ अंकांची इजा.

एकाच गोष्टीचे दोनदा पैसे

याच्या उलट बाजूचा दोषही तितकाच सर्रास आढळतो, आणि तो ओळखायला जास्त अवघड, कारण वरवर जोडी अगदी जमल्यासारखी दिसते. मेक चिवट आहे म्हणून चिवट पायलट. मेक वेगवान आहे म्हणून वेगाचा पायलट. दिसायला छान, पण बऱ्याचदा यातला एक जण फुकट जातो.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण ‘इनटू द ब्रीच’ या गेममध्ये आहे. तिथे ८ बाय ८ घरांचा पट, तीनच मेक, त्यामुळे हिशोब उघडा दिसतो. प्रॉस्पेरो या पायलटमुळे मेक उडू शकतो आणि त्यासाठी रिअॅक्टरची ऊर्जा द्यावी लागते. जेट मेक आधीच उडतो. आबे इसामूमुळे मेकला आर्मर मिळतं. जूडो मेकला ते मुळातच आहे. या जोड्या नावाला साजऱ्या, हाती शून्य. कामिला वेरा ही पायलट शत्रूच्या जाळ्यात अडकत नाही आणि धुराने तिचं काम थांबत नाही. तिला शत्रूच्या अंगाला भिडणाऱ्या मेकमध्ये बसवा, कारण जाळं पडतं ते तिथेच. मागून तोफ डागणाऱ्यात ती बसली तर तिचं कौशल्य कित्येक लढायांत जागंच होत नाही.

मोठ्या गेममध्ये ही दुहेरी खरेदी इतकी उघड दिसत नाही, कारण तिथे ती थोडी थोडी होत असते. तरी प्रश्न तोच विचारायचा : पायलटमुळे जे आपोआप मिळतंय, त्यावरच मी मेकच्या ठरावीक वजनातले टन खर्च करतोय का?

नेमबाज पायलटचं मोल अंतरावर ठरतं

मूळ ‘बॅटलटेक’ हा पटावरचा खेळ. १९८४ मध्ये तो वेगळ्या नावाने आला आणि १९८५ पासून याच नावाने खेळला जातो. त्यातले आकडे इथे फार कामाचे आहेत, कारण सगळं दोन फाशांवर चालतं आणि शक्यता हाताने मोजता येते. साधारण पायलटची गनरी ४ (इथे आकडा जितका लहान तितका पायलट चांगला). मध्यम पल्ल्याचे २, स्वतः चालत असल्याचा १, शत्रू थोडा हलल्याचा १, एकूण ८. दोन फाशांवर ८ किंवा जास्त पडण्याच्या ३६ पैकी १५ शक्यता. पायलट एका पायरीने चांगला घेतला तर ७ लागतात आणि शक्यता २१ होतात.

आता हे शस्त्रांत मोजा. गनरी ३ वाल्याची ५ शस्त्रं : ५ गुणिले २१, म्हणजे १०५. गनरी ४ वाल्याची ७ शस्त्रं : ७ गुणिले १५, म्हणजे १०५. एक पायरी चांगला पायलट सरासरीने पाचाची सात शस्त्रं करतो. त्या दोन शस्त्रांचं वजन आणि हीट दोन्ही वाचतं.

पण हे मोल सगळीकडे सारखं नसतं. दोघंही जागेवर उभे, अंतर जवळचं, तर एकाला ४ लागतात, दुसऱ्याला ३. शक्यता ३३ विरुद्ध ३५. फरक जवळपास नाहीच. तेच लांब पल्ल्याचे ४, धावण्याचे २ आणि शत्रूच्या हालचालीचा १ धरला तर एकाला ११ लागतात, दुसऱ्याला १०. शक्यता ३ विरुद्ध ६. थेट दुप्पट. म्हणजे तुमचा सर्वांत चांगला नेमबाज जवळ भिडून मारणाऱ्या मेकमध्ये बसला असेल तर त्याची कला तिथे फारशी लागतच नाही. त्याला लांबून मारणाऱ्या किंवा धावत मारणाऱ्या मेकमध्ये न्या. जवळ भिडायला नेमाने कच्चा पण तोल सांभाळणारा पायलट पाठवा. एका फेरीच्या माऱ्यात २० किंवा जास्त इजा झाली की उभं राहण्यासाठी पायलटिंगचा फासा टाकावा लागतो, आणि जवळ गेलेल्याला तो सारखा टाकावा लागतो.

पटावरच्या खेळात पायलट सुधारला की मेकचं गुणमूल्यही, म्हणजे दोन्ही बाजू समतोल ठेवायला मोजायची किंमतही, वाढतं. पायलटिंग ५ ठेवून गनरी ४ची ३ केली तर १.२ पट. वर पाहिलंच, मध्यम पल्ल्यावर तेवढ्यात १.४ पट नेम मिळतो. लांबून मारणाऱ्यासाठी हा फायद्याचा सौदा, उभ्या उभ्या भिडणाऱ्यासाठी तोट्याचा. समोरच्या खेळाडूने चांगले पायलट कुठे बसवलेत यावरून तो किती विचार करून आलाय ते मी ओळखतो.

तापून गप्प होणारा मेक

यावर बहुतेक सगळे हीट सिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारे भाग, वाढवतात. कधी ते बरोबर असतं, कधी नाही.

२०१८च्या गेममध्ये प्रत्येक मेक दर टर्नला मुळातच ३० हीट बाहेर टाकतो. वर लावलेला साधा हीट सिंक ३ची भर घालतो. मिडियम लेझर १२ हीट देतो. सहा लेझर एकदम डागले तर ७२, त्यातून ३० गेले, ४२ शिल्लक. हे दर टर्नला पूर्ण निघून जावं म्हणाल तर १४ हीट सिंक लागतील, म्हणजे १४ टन. एका अख्ख्या एसी/२०चं वजन १४ टनच आहे. या भावाने थंडावा विकत घ्यावा का, हे ठरवायच्या आधी पायलटकडे बघायला हवं.

शाळेतली हौद आणि तोट्यांची गणितं आठवा. पायलटची गट्स (चिवटपणाचं स्किल) वाढली की तापण्याची मर्यादा वर जाते, म्हणजे हौद मोठा होतो. हीट सिंक वाढवला की हौदाची खालची तोटी मोठी होते. दोन्ही गोष्टींनी हौद उशिरा भरतो, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. पण मोठा हौद एकदाच कामी येतो आणि मोठी तोटी दर टर्नला.

म्हणून गट्स चांगली असलेल्या पायलटला दोन टर्न भडिमार करून एक टर्न आडोशाला जाणारा मेक द्या. त्याचे चार-पाच हीट सिंक काढून आर्मर लावा. गट्स कमी असलेल्या पायलटला मात्र शस्त्रं कमी आणि तोटी मोठी असलेला मेक हवा, जो सहाव्या टर्नलाही पहिल्याइतकंच डागेल. घोटाळा होतो तो कमी गट्सचा पायलट भडिमाराच्या मेकमध्ये बसवल्यावर. दुसऱ्या टर्नलाच तो अडतो, आपण हीट सिंक लावतो, शस्त्रं काढतो, आणि शेवटी धड भडिमारही नाही, धड सातत्यही नाही असा मेक उरतो. चंद्रासारख्या निर्वात जागी आणि वाळवंटात हीट बाहेर टाकणं मंदावतं, त्यामुळे हिरवळीवर जेमतेम चालणारी जोडी तिथे आधी उघडी पडते. नवा बिल्ड मी मुद्दाम अशा मिशनमध्ये तपासतो.

पायलट दवाखान्यात गेला की सगळं कोसळतं

हा दोष चांगल्या खेळाडूंना जास्त छळतो, कारण तेच मेक आणि पायलट यांची मोट सर्वांत घट्ट बांधतात. मेक खाली पडला की पायलट जखमी होतो, डोक्यावर फटका बसला तरी होतो, आणि मग तो कितीतरी दिवस मिशनला येऊ शकत नाही. त्याच्या कौशल्यावर उभा केलेला मेक तोवर दुसऱ्या कुणाच्या हातात द्यावा लागतो, आणि तो दुसरा त्यात धडपडतो. हीच धडपड आपण ‘मेक कधी चालतो, कधी चालत नाही’ अशा शब्दांत सांगतो.

यावर मी बऱ्याच चुकांनंतर एका गोष्टीवर स्थिर झालोय. मेकचं अंग, म्हणजे आर्मर, चाल, मुख्य शस्त्रं, असं बांधायचं की मधल्या दर्जाच्या पायलटलाही ते झेपेल. फक्त शेवटचे चार-पाच टन नेहमीच्या पायलटच्या गुणांप्रमाणे कापायचे. गट्स असेल तर तिथे आर्मर, नसेल तर हीट सिंक. तोल चांगला असेल तर जंप जेट. नेम कच्चा असेल तर जवळच्या पल्ल्याचं एखादं जास्तीचं शस्त्र. पायलट बदलला की तेवढेच टन बदलायचे. गॅरेजचा वेळ वाचतो, आणि जखमी पायलटमुळे मोहीम अडत नाही.

एखादा मेक वारंवार खालीच पडत असेल तर आर्मर वाढवू नका. पडणं तोल जाण्याने होतं, आणि मिसाइलचा मारा इजेपेक्षा तोलावर जास्त येतो. तिथे पायलटिंग वाढलेला माणूस बसवा, किंवा त्या मेकला मिसाइलवाल्यांच्या नजरेसमोर जाऊ देऊ नका.

इतर गेममध्ये हाच दोष कुठे दडतो

‘फ्रंट मिशन’च्या १९९५च्या पहिल्या भागात पायलट ज्या प्रकारचं शस्त्र वापरेल त्यातच शिकतो : हाताने मारणं, जवळचा पल्ला, लांबचा पल्ला. दोन हातांत दोन तऱ्हेची शस्त्रं देऊन ‘प्रसंगाला दोन्ही हवीत’ म्हणणाऱ्याचे पायलट अर्ध्या खेळानंतर कशातच पक्के नसतात. एकच तऱ्हा द्या आणि वजनात जे वाचेल ते अंगावर घाला.

‘मेकवॉरियर ५’मध्ये सोबतच्या पायलटना शस्त्रांच्या प्रकारांनुसार वेगवेगळ्या पातळ्या असतात आणि प्रत्येकाची वाढ एका मर्यादेपर्यंतच होते. नोकरीवर घेताना आजची पातळी बघू नका, ती मर्यादा बघा. त्यांचा मेक गेम चालवतो, म्हणून एकाच पल्ल्याची शस्त्रं द्या. जवळचं-लांबचं मिश्रण दिलं की कुठे उभं राहायचं हे त्यांना नीट जमत नाही.

‘लान्सर’ या टेबलावरच्या खेळात पायलटचे चार गुण मेकला थेट आकडे देतात. हलच्या (बांध्याच्या) प्रत्येक गुणामागे २ एचपी (मार सोसायची ताकद), एंजिनिअरिंगच्या प्रत्येक गुणामागे हीट सोसायची क्षमता १ने जास्त. एव्हरेस्ट या साध्या फ्रेमचे (मेकच्या मूळ साच्याचे) एचपी १० आणि हीट क्षमता ६. दोन गुण हलला दिले तर एचपी १४, म्हणजे २ पंचमांश वाढ. तेच एंजिनिअरिंगला दिले तर हीट क्षमता ८, म्हणजे एक तृतीयांश. टक्के जवळपास सारखे, पण शस्त्रं हीट देणारी नसतील तर दुसरी वाढ कागदावरच राहते. गुण देण्याआधी पुढची दोन लायसन्स (नव्या फ्रेम आणि शस्त्रं वापरायची परवानगी) कोणती घेणार ते ठरवा. उलट क्रमाने केलं की पायलट एकीकडे आणि मेक दुसरीकडे जातो.

‘आर्मर्ड कोअर ६’मध्ये पायलट तुम्हीच. तिथे नेमबाजीचा गुण एफसीएस नावाच्या भागात असतो, जवळ, मध्यम आणि लांब अशा तीन पल्ल्यांना वेगळा. ‘गोळ्या लागतच नाहीत’ अशी तक्रार असेल तर आधी तुम्ही खरोखर किती अंतरावरून लढता ते पाहा, किती अंतरावरून लढायचं ठरवलं होतं ते नको. मग हातांची भारक्षमता बघा. ती ओलांडली तरी मिशनला जाता येतं, म्हणून ती चूक नजरेत येत नाही आणि नेम मात्र बिघडतो.

राहता राहिला माझा तो ब्रीचिंग शॉटवाला पायलट. मी त्याला एसी/२०च्या मेकवर हलवलं. गट्स बरी होती म्हणून तीन हीट सिंक काढून पायांवर आर्मर चढवलं. सहा लेझरचा मेक गनरी बेताची पण गट्स सातवर असलेल्या पोरीला दिला. ती दोन टर्न डागते, एक टर्न टेकडीमागे जाते. एक टनही विकत न घेता पुढच्या मिशनच्या नोंदीत तिसऱ्या रकान्यात आठपैकी पाच टर्नला खूण होती.